शिडं शिवणाऱ्याचा मुलगा

हायलिया, ४ नोव्हेंबर

एवेलिओ,

'प्रिय' लिहायचं राहून गेलेलं नाही, मुद्दाम लिहिलेलं नाही. ईमेल केली तर तू न वाचताच पुसून टाकतोस, म्हणून कागदावर लिहितेय. कागद फाडायचा म्हटलं तरी आधी हातात घ्यावा लागतो.

गेल्या मंगळवारी दुकानात कोल्बी नावाचा एक माणूस आला. गोल चष्मा, बुटात मोजे नाहीत, आणि दर तिसऱ्या शब्दाला 'अनुभव'. मायामी बीचवर डिसेंबरात ती डिझाइनची जत्रा भरते, तिच्या दारातली कमान यंदा फुगवायच्या कापडाची आहे म्हणे, आणि ती न्यूयॉर्कच्या कुणा थोर कलाकारानं काढली आहे. त्यानं कटिंगच्या टेबलावर नकाशा पसरला. चाळीस पांढरे लोड एकावर एक रचलेले आणि मधल्या पोकळीतून श्रीमंतांनी वाकून आत जायचं. मी खालचा कोपरा बघितला. तिथे लिहिलं होतं, इव्ह क्विंट. एवेलिओ किंतेलाचा इव्ह क्विंट. नाव इतकं तासलंस की त्यात आमच्यापैकी कुणी उरलंच नाही. चारचा आकडा मात्र अजून तसाच उघड्या तोंडाचा काढतोस.

कोल्बीला आपलं नातं माहीत नव्हतं. हायलियात पोरांच्या वाढदिवसाचे फुगणारे किल्ले शिवतात आणि त्यात किंतेलांचं दुकान सगळ्यात जुनं, एवढीच त्याची माहिती. आमचं नाव तू सुचवलं नसणार हे मला पहिल्याच मिनिटाला कळलं. मी नाही म्हणणार होते. तोंडही उघडलं होतं. तेवढ्यात मागच्या मशीनवरून पपा उठून आले, चष्मा कपाळावर सरकवून नकाशावर वाकले आणि कितीतरी वेळ बोट फिरवत राहिले. मग आपल्या भाषेत मला म्हणाले, "पोराचा हात आहे गं हा. त्यानं काम आपल्याकडेच पाठवलंय."

कोल्बीला स्पॅनिश येत नाही. तो आपला हसला. मी नकाशा गुंडाळला आणि काम घेतलं.

त्या दिवसापासून पपा सकाळी सहाला दुकान उघडतात. ब्याऐंशीव्या वर्षी. कोपऱ्यावरच्या दुकानाच्या खिडकीवर कॉफी घ्यायला जातात तिथे सांगत सुटलेत की एवेलिओनं बीचवर महाल बांधायला घेतलाय आणि शिवायला बापाला बोलावलंय. उद्घाटनाला तू त्यांना पुढे घेशील, लोकांना सांगशील हे माझे वडील, असं त्यांनी मनाशी पक्कं धरलंय. आई गेली तेव्हा तू दोन तास आलास आणि टॅक्सी थांबवून ठेवली होतीस. त्यानंतर सहा वर्षांत नाताळची छापील कार्डं. एवढ्या भांडवलावर म्हातारा इतका खूश होऊ शकतो हे बघून मला तुझा राग येतो, आणि थोडा त्यांचाही.

माझं मागणं एकच आहे. उद्घाटनाचं आमंत्रण पपांच्या नावानं पाठव. रेमिहिओ किंतेला, कलाकाराचे वडील, असं लिहून. मला नको, मी तसल्या जत्रेत चप्पल झिजवणार नाही.

सोरायदा


हायलिया, १३ नोव्हेंबर

एवेलिओ,

तुझं उत्तर मिळालं. तीन ओळी. त्यातली एक कोल्बीला काही बोलू नकोस अशी, दुसरी उद्घाटनाला गर्दी फार असते, पपांना झेपणार नाही, नंतर निवांत भेटू अशी, आणि तिसरी शिवणीबद्दल. शिवणीबद्दलची सगळ्यात लांब आहे.

पपांना काय झेपतं ते तू मला सांगू नकोस. तुझे चाळीस लोड त्यांनीच कापलेत. मी फक्त कापड ओढून धरते.

आता तुझी तिसरी ओळ. शिवणी शिवायच्या नाहीत, गरम करून चिकटवायच्या, एकही भोक नको, म्हणजे एकदा हवा भरली की ब्लोअर बंद करता येईल आणि त्याची घरघर ऐकू येणार नाही. ओळ वाचून मी पपांना दाखवली नाही, तोंडी सांगितली. त्यांना वाटलं कोल्बीनं काहीतरी घोटाळा केलाय. "एवेलिओ असं म्हणायचा नाही," म्हणाले, "त्याला ठाऊक आहे."

तुला ठाऊक आहेच. टाक्यांच्या भोकांतून हवा सतत जाते आणि ब्लोअर सतत भरतो, म्हणून तर किल्ला दिवसभर उन्हात उभा राहतो. तोंड बंद केलेल्या कापडात मायामीचं ऊन शिरलं की आतली हवा फुगते आणि दुपारी दोनपर्यंत शिवण टरकन उसवते. हे तुला सातव्या वर्षी कळत होतं. अर्धवट फुगलेल्या किल्ल्यात पडून तू गृहपाठ करायचास आणि त्या घरघरीशिवाय तुला झोप यायची नाही. आई तुला उचलून घरी आणायची तर रडायचास.

आता ती घरघर तुला नको, कारण ती ऐकली की वाढदिवसाची टोपी घातलेली पोरं आठवतात. कलाकाराला लाज वाटली आणि म्हणून हवेनं आपला स्वभाव बदलायचा. काय दिवे लावलेस रे शिकून.

पपांनी दुहेरी शिवण घातली आहे, नेहमीसारखी. कोल्बीला सांगितलंय की ब्लोअर एक मिनिटही बंद करायचा नाही. त्यानं वहीत लिहून घेतलं. आमंत्रण अजून आलेलं नाही.

सोरायदा


हायलिया, २४ नोव्हेंबर

एवेलिओ,

आज हे पत्र लिहिताना मी दुकानाचं दार आतून लावून घेतलंय, पपा जेवायला घरी गेलेत म्हणून.

कोल्बीनं कौतुकानं ते मासिक आणून दिलं. तुझा अख्ख्या पानाचा फोटो, काळा सदरा, हनुवटीखाली मूठ. खाली तुझी मुलाखत. 'माझे दिवंगत वडील क्यूबातल्या एका बंदरात शिडं शिवायचे. त्यांच्या मृत्यूनंतर वारा आणि कापड हाच माझा वारसा झाला.'

मी ते उभ्यानं तीनदा वाचलं. माझ्या मागे दहा फुटांवर दिवंगत वडील मशीनचा पट्टा बदलत होते आणि तेलाची कुपी कुठे ठेवलीस म्हणून मला ओरडत होते.

शिडं? पपांनी उभ्या जन्मात शीड शिवलेलं नाही. तिकडे असताना गाद्या शिवायचे आणि इथे आल्यावर किल्ले. लांबलचक कानांचे ससे, ड्रॅगन, एकदा तर कुणा दंतवैद्याच्या जाहिरातीसाठी बारा फुटी दाढ. त्या दाढेच्या पैशातून तुझ्या कॉलेजचं पहिलं वर्ष गेलं. दाढ मासिकात शोभत नाही हे मला समजतं. आपल्या बापाचा धंदा लपवणारे मी खूप पाहिलेत. पण धंदा लपवायला तू बापच मारलास. जिवंत ठेवून खोटं बोलणं तुला जड जात होतं का?

मी मासिक कापडाच्या गठ्ठ्याखाली लपवलं. पपांना इंग्रजी वाचायला वेळ लागतो, आणि त्यांना फोटो दिसला असता तर त्यांनी भिंतीवरच लावला असता. मी तुझ्यासाठी लपवलेलं नाही, हे नीट समजून घे.

आणि आमंत्रण पाठवू नकोस. मेलेल्या माणसाच्या नावानं पास काढलास तर तुझीच पंचाईत होईल. पपा तरीही येणार आहेत. उद्घाटनाच्या वेळी मागे ब्लोअरपाशी जाणकार माणूस उभा हवा असं कोल्बी म्हणाला आणि मी तोंड उघडायच्या आत पपांनी हात वर केला. पाठीवर 'तंत्रज्ञ' लिहिलेलं जाकीट मिळणार आहे. त्याच्या आतून घालायला सणासुदीचा पांढरा गुआयाबेरा सदरा त्यांनी आत्तापासूनच इस्त्री करून टांगलाय. पोरानं ऐन वेळी पुढे बोलावलं तर जाकीट काढून ठेवता येईल, म्हणतात.

तुझ्याकडे नऊ दिवस आहेत. एका माणसाला सगळ्यांसमोर 'पपा' म्हणायचं आहे, बस. तुला आयुष्यात कुणी याहून सोपं काम दिलं नसेल.

सोरायदा


हायलिया, ६ डिसेंबर

एवेलिओ,

तू तिथे होतास, तरी सांगते, कारण तू सगळा वेळ जमिनीकडे बघत होतास.

आधी माझा गुन्हा सांगते. तो लपवून तुला झोडपत बसले तर तुझ्यामाझ्यात फरक तो काय राहिला. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी कोल्बीचा फोन आला होता. कलाकाराला भाषणाच्या वेळी शांतता हवी आहे, दहा मिनिटं ब्लोअर बंद ठेवला तर चालेल ना, असं त्यानं विचारलं. चालणार नाही हे मला ठाऊक होतं. तीन मिनिटांत वरचे लोड खाली बसायला लागतात, हे आमच्याकडे माशी हाकलणाऱ्यालाही ठाऊक असतं. मी म्हटलं, "कलाकाराला विचारा, त्यांचा वारसाच आहे तो." आणि फोन ठेवला. तुझा महाल तुझ्याच डोक्यावर बसताना मला बघायचा होता. त्यासाठीच मी चप्पल झिजवायला आले. कमानीमागे वायरींच्या ढिगाऱ्यापाशी पपांच्या शेजारी मी दोन तास उभी होते, आणि खरं सांगायचं तर मजेत होते.

दिसत छान होतं, हेही सांगून टाकते. उन्हात सगळे लोड आतून उजळले होते. लोक आत शिरताना आवाज खाली आणत होते. पपांनी सगळ्या शिवणींवरून एकदा हात फिरवला आणि म्हणाले, "पोराला जमलंय." त्यांच्या त्या एका वाक्यानं माझी निम्मी मजा गेली.

मग ती जत्रेची प्रमुख, मिसेस थॉर्नली, तुला घेऊन कमानीच्या मध्यभागी उभी राहिली. भोवती शंभरेक माणसं. कोल्बी मागे आला, त्यानं पपांना लांब रस्त्याकडच्या जनरेटरवर काय आहे ते बघून या म्हणून पाठवलं आणि ब्लोअरचा खटका खाली केला. मी तिथेच होते. मी काही बोलले नाही.

तू कापड आणि वारा सुरू केलंस. वडिलांची शिडं आलीच. वरचा लोड तुझ्यामागे हळूहळू वाकत होता आणि लोकांना वाटलं तेही कलेतच आहे. दोघातिघांनी फोन वर करून फोटो काढले. मग बाजूचे बसायला लागले, दोन्हीकडची दारं कापडानं झाकली गेली, आत अंधारलं आणि कुणीतरी बाई ओरडली. पांढऱ्या कापडातून हातांचे आकार दिसायला लागले. पोरं आत असताना किल्ला बसला तर काय होतं ते मी एकदा बघितलेलं आहे, आणि तरी मला खटक्याकडे हात न्यायला सुचलं नाही.

पपा धावत आले. त्यांना धावताना मी वीस वर्षांत पाहिलं नव्हतं. त्यांनी खटका वर केला, झाडलोटीचा लांब दांडा उचलला आणि दारातलं कापड त्यावर तोलून धरून आत शिरले. "खाली बसा, धावू नका, हवा येतेय," असं ते आपल्या मोडक्या इंग्रजीत सांगत होते, वाढदिवसाच्या पोरांना सांगतात त्याच आवाजात. आणि गंमत बघ, ती रेशमी माणसं निमूटपणे मांडी घालून खाली बसली. चार मिनिटांत कमान उभी राहिली. कुणाला खरचटलंही नाही.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पपांच्या अंगावर जाकीट नव्हतं, धावताना कुठेतरी पडलं होतं. नुसता पांढरा गुआयाबेरा, घामानं चिकटलेला. मिसेस थॉर्नलीनं त्यांचा हात धरला आणि तुला विचारलं, "हे कोण?"

एवेलिओ, तुला तयार ताट वाढून समोर आलं होतं. मी अगदी जवळ उभी होते. सगळं विसरायची माझी तयारी झाली होती, ते मासिकसुद्धा. तू म्हणालास, "हे आमचे तंत्रज्ञ."

पपांनी मान डोलावली. ती बाई काही सोडेना. म्हणाली, "फार सराईत आहात तुम्ही. क्विंटना बरीच वर्षं ओळखता का?"

"त्यांच्या वडिलांना ओळखायचो," पपा म्हणाले.

"शिडं शिवणारे ना?"

"तेच. हात बरा होता त्याचा."

बाईंनी गळ्याशी हात नेला. "कधी वारले हो ते?"

पपांनी तुझ्याकडे पाहिलं. रागानं नव्हे, हे मी शपथेवर सांगेन. म्हणाले, "ते यांना विचारा, बाई. मला कळवलं नव्हतं."

मग ते वाकले, दांडा उचलला आणि मागे ब्लोअरपाशी जाऊन उभे राहिले. रात्री जत्रा बंद होईपर्यंत हलले नाहीत.

परतताना पुलावर मी ट्रक चालवत होते. मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं. खिडकीवरच्या नेरेइदानं कॉफी देता देता ते मासिक वाचून दाखवलं होतं, महिना व्हायला आला. म्हणजे मी गठ्ठ्याखाली लपवलं त्याच्याही आधी. मी म्हटलं, मग शिवलंत कशाला? चाळीसच्या चाळीस पुरे कशाला केलेत?

"आत माणसं जाणार होती ना," ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "तू तो खटका बघत उभी होतीस. मी रस्त्यावरून पाहिलं तुला." घर येईपर्यंत ते माझ्याशी पुढे बोलले नाहीत. तुझ्याबद्दल एक शब्द काढला नाही, बोलणी मला बसली. यातही तू सुटलास.

सोरायदा


हायलिया, १९ डिसेंबर

एवेलिओ,

चार पानं, तीही हातानं लिहिलेली. पत्र पपांच्या नावानं आलं म्हणून मी उघडलं नाही, त्यांच्या हातात दिलं. मशीनवर बसून त्यांनी ते दुपारभर वाचलं, मग घडी करून खिशात ठेवलं आणि एका सशाचा कान शिवायला घेतला. संध्याकाळी माझ्यापुढे टाकलं. म्हणाले, वाच आणि उत्तर लिही, माझं अक्षर थरथरतं.

वाचलं. तुला लाज वाटते, तुला झोप लागत नाही, तू त्या मासिकाला खुलासा पाठवणार आहेस पण योग्य वेळ बघून. योग्य वेळ म्हणजे बहुधा पपा खरोखरच गेल्यावर. मग खुलाशाची गरजच उरणार नाही. पहिल्या पानावर तू रडलायस असं लिहिलंयस, दुसऱ्यावर जत्रेत पुढच्या वर्षीही बोलावणं आहे असं. मला तुझं रडणं खोटं वाटत नाही. तुला कधीच काही खोटं वाटत नाही, हीच तर तुझी अडचण आहे.

माझ्याकडून माफी नाही. माझी मला मिळाली तर बघू. कालपासून पपा माझ्याशी पुन्हा कॉफीपुरतं बोलायला लागलेत.

आता त्यांचा निरोप, शब्दाला शब्द. "चोवीसला ये म्हणावं. निखाऱ्यावरचं डुक्कर उलटायला दोन माणसं लागतात आणि सोराचा खांदा दुखतो."

बस, एवढंच. मी विचारलं, आणखी काही लिहू का? म्हणाले, ब्लोअरबद्दल लिही, पुढच्या वर्षी बंद करू नकोस म्हणावं. लिहिलं.

विमानतळावरून टॅक्सी कर नाहीतर पायी ये, मी घ्यायला येणार नाही. आल्यावर मागच्या दारानं शिरू नकोस, पुढच्या दारावर टकटक कर. मी दार उघडणार नाही, पपा उघडतील. हल्ली ते कडी काढायच्या आधी, कुणीही असो, 'कोण आहे' म्हणून विचारतात. उत्तर तयार ठेवून ये आणि मोठ्यानं दे. नोचेबुएनाला, नाताळच्या आदल्या रात्री, सगळी गल्ली अंगणात बसलेली असते.

सोरायदा